सत्तावन्न नंबरचा फायरफॉक्स

ब्राउझर अपडेट झाला की सोबत 'नवीन काय' अशी एक यादी येते, आणि ती वाचणारी माणसं विरळाच. त्यांना दोष देता येत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी येणाऱ्या यादीत बहुधा असतं काय? एखादं बटण इकडचं तिकडे गेलेलं, पासवर्ड साठवण्याची सोय थोडी सुधारलेली, आणि तळाशी 'सुरक्षेसंबंधी विविध दुरुस्त्या' हे ठरलेलं वाक्य. खरा माल त्या तळाच्या वाक्यात असतो. पण तो लगेच उलगडून सांगितला जात नाही, कारण चोरही ती यादी वाचतात आणि अपडेट न घेतलेले लोक नेहमीच पुष्कळ असतात.

एखादाच अपडेट असा येतो की त्याच्याबद्दल एक अख्खं प्रकरण लिहावं. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी मोझिलाने काढलेला फायरफॉक्स ५७ हा त्यातला. कंपनीने त्याला 'फायरफॉक्स क्वांटम' असं भारदस्त नाव दिलं. वर्षभरापूर्वीच्या फायरफॉक्सच्या दुप्पट वेग आणि क्रोमपेक्षा ३० टक्के कमी मेमरी, असा दावा केला. जाहिरातीतले आकडे म्हणून ते थोडे बाजूला ठेवू. पण रोज वापरणाऱ्यालाही फरक जाणवला, हे खरं. तो कुठून आला आणि त्यासाठी कोणाला काय सोडावं लागलं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली ९ नोव्हेंबर २००४ रोजी. तेव्हा जगातल्या बहुतेक कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर होता, आणि त्याची सहावी आवृत्ती २००१पासून जवळजवळ जशीच्या तशी पडून होती. प्रतिस्पर्धी नेटस्केप संपला होता, मग सुधारणा कोणासाठी करायच्या? सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. मधल्या काळात नेटस्केपच्याच खुल्या केलेल्या कोडमधून उभा राहिलेला फायरफॉक्स हातोहात पसरला. त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून डिसेंबर २००४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात दिली आणि तीत वर्गणीदारांची नावं बारीक अक्षरात छापली. एखाद्या सॉफ्टवेअरवर लोकांनी इतका जीव लावल्याची उदाहरणं फार नाहीत. हे लोक पुढे पुन्हा भेटतील.

मग २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलचा क्रोम आला. त्यातली मुख्य कल्पना अशी, की प्रत्येक टॅबला शक्यतो स्वतःची वेगळी प्रोसेस द्यायची. एका पानाने मान टाकली तर तेवढंच बंद पडेल, बाकीचं काम चालू राहील. फायरफॉक्समध्ये तेव्हा सगळा कारभार एकाच प्रोसेसमध्ये होता. कुठल्याशा बातमीच्या पानावरची नाचरी जाहिरात अडकली की शेजारच्या टॅबमधला अर्धा भरलेला रेल्वे आरक्षणाचा फॉर्मही गोठायचा. शिवाय क्रोमचं जावास्क्रिप्ट इंजिन, लार्स बाक यांच्या गटाने डेन्मार्कमध्ये बांधलेलं व्ही-एट, भलतंच चपळ होतं. पुढच्या काही वर्षांत फायरफॉक्सचा वाटा घसरत गेला.

मोझिलाला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. फायरफॉक्सलाही अनेक प्रोसेसमध्ये विभागायचं काम २००९मध्येच सुरू झालं, 'इलेक्ट्रोलिसिस' या नावाने. ते सामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पोचलं ऑगस्ट २०१६मध्ये, आवृत्ती ४८मधून. म्हणजे सात वर्षं. इतका उशीर का, याचं मोठं कारण अॅड-ऑन्समध्ये, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्राम्समध्ये, दडलेलं आहे, त्याकडे येऊच. जून २०१७च्या ५४व्या आवृत्तीत पानं चार प्रोसेसमध्ये वाटली जाऊ लागली. चारच, कारण प्रत्येक प्रोसेस स्वतःची मेमरी खाते, आणि दहा टॅब उघडले की दहा संसार थाटायचे, हे साध्या चार जीबीच्या लॅपटॉपला झेपत नाही. हा मध्यम मार्ग मला क्रोमच्या उधळपट्टीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. निदान तेव्हा तो तसा होता. नंतर एका वेगळ्याच कारणाने तोही मोडावा लागला.

त्याच उन्हाळ्यात मोझिलाच्याच डिट्रिक अयाला यांनी आपल्या फायरफॉक्सची चाचणी घेतली. त्यांच्याकडे १,६९१ टॅब उघडे होते. (असे लोक असतात. बंद न केलेला टॅब म्हणजे पुढेमागे वाचायचं वचन, आणि वचन मोडवत नाही.) जुन्या आवृत्तीला एवढे टॅब घेऊन सुरू व्हायला जवळजवळ आठ मिनिटं लागत, ५५व्या आवृत्तीला पंधरा सेकंद पुरले. युक्ती सोपी होती: टॅबचं नाव तेवढं पट्टीवर दाखवायचं, त्यामागची यंत्रणा मात्र माणूस त्यावर जाईपर्यंत उभारायचीच नाही.

पण क्वांटमचा खरा गाभा होता सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांचं, इंजिन. ते समजून घ्यायला एक पान उघडताना ब्राउझर काय करतो, ते सावकाश पाहिलं पाहिजे.

सर्व्हरकडून येतो तो नुसता मजकूर. त्यातून ब्राउझर घटकांची उतरंड तयार करतो: पानात चौकट, चौकटीत यादी, यादीत ओळ, ओळीत लिंक. मग प्रत्येक घटकाचं रूप ठरतं, म्हणजे रंग कोणता, अक्षर केवढं, कडेला जागा किती. मग कोणता घटक नेमका कुठे बसणार त्याचं मोजमाप. मग अक्षरं आणि रंग पडद्यावर उतरतात. मराठी मजकूर असेल तर आणखी एक काम वाढतं. 'कि' हे अक्षर साठवताना आधी क आणि मग पहिली वेलांटी अशा क्रमाने साठवलेलं असतं, पण दिसायला वेलांटी आधी हवी. 'ऱ्या'मधला अर्धा र तर वेगळंच रूप घेतो. ही जुळवाजुळव हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि ती फायरफॉक्स आणि क्रोम दोघांतही आहे.

आता रूप ठरवण्याच्या पायरीवर थांबू. समजा, एका वृत्तपत्राच्या पानासाठी नियम लिहिला आहे: 'बातमी'च्या चौकटीतल्या यादीतली लिंक लाल दाखवा. ब्राउझर हा नियम शेवटाकडून वाचतो. पहिला प्रश्न: समोरचा घटक लिंक आहे का? नसेल तर नियम तिथेच निकालात. असेल तर त्याच्या वरच्या फळीत यादी आहे का, आणि तिच्याही वर 'बातमी'ची चौकट आहे का, हे तपासायचं. शेवटाकडून सुरुवात केल्याने बहुतेक घटक पहिल्याच प्रश्नाला गळतात. तरीही पानावर काही हजार घटक, नियमही काही हजार, आणि एकाच घटकावर हक्क सांगणाऱ्या नियमांत भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं याचा वेगळा हिशेब. त्यावर प्रत्येक घटकाच्या काहीशे गुणधर्मांना किंमत द्यायचीच आहे. नियमाने दिली नसेल तर ती वरच्या घटकाकडून वारशाने घ्यायची किंवा मूळची ठेवायची. आणि तुम्ही बोटाने पान सरकवलं, मेनू उघडला, की यातलं बरंच पुन्हा.

जुन्या फायरफॉक्समध्ये हा सगळा हिशेब प्रोसेसरचा एकच कोअर करायचा. २००५नंतर प्रोसेसरचा वेग वाढायचा थांबल्यासारखा झाला आणि कंपन्या एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवू लागल्या. म्हणजे यंत्र महाग घेतलं तरी ब्राउझर त्यातला एक चतुर्थांश भागच वापरणार, अशी गत. वरून पाहता हे काम वाटून देण्याजोगंच आहे. मुलाला आईबापाकडून वारसा हवा म्हणून वरचा घटक आधी झाला पाहिजे. पण भावंडं एकमेकांवर अवलंबून नाहीत. ती वेगवेगळ्या कोअरकडे देता येतात.

पण कशी द्यायची? पान कधी समतोल नसतं. वरच्या पट्टीत दहा घटक, तर खालच्या प्रतिक्रियांत दोन हजार. आधीच चार वाटे करून दिले तर तिघं लवकर मोकळे होतील आणि चौथा घाम गाळत बसेल. क्वांटमचं उत्तर लग्नघरातल्या स्वयंपाकासारखं आहे. चौघीजणी पुऱ्या लाटायला बसल्या आणि एकीपुढचे गोळे संपले, तर ती हात पुसून उठत नाही. शेजारणीपुढचे चार गोळे आपल्या पोळपाटाशी ओढून घेते. मोकळा झालेला कोअर दुसऱ्याच्या रांगेतलं काम असंच उचलतो. कोणालाही आधीपासून अंदाज बांधावा लागत नाही.

कल्पना इतकी साधी, मग ती २०१७पर्यंत का थांबली? मोझिलाने सी प्लस प्लस या भाषेत हे काम समांतर करायचा प्रयत्न आधी दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तो फसला होता. अडचण अशी, की दोन कोअरनी एकाच वेळी मेमरीतल्या एकाच जागी लिहिलं किंवा एक लिहीत असताना दुसऱ्याने वाचलं, की गोंधळ. तो गोंधळही दर वेळी होत नाही. दहा हजारांत एकदा होतो, तोही वापरणाऱ्याकडे. प्रोग्रामरने पाहायला घेतलं की सगळं सुरळीत. मोझिलाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात डेव्हिड बॅरन या इंजिनिअरने भिंतीवर माणसाच्या उंचीच्या बरीच वर एक पाटी लावली होती. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यापाशी उंचीची खूण असते ना, तशी: असा समांतर कोड लिहायला किमान एवढी उंची हवी. थोडक्यात, कोणाचीच नाही.

उंची वाढली नाही, भाषा बदलली. ग्रेडन होअर हे मोझिलातले प्रोग्रामर व्हँकुव्हरला एका इमारतीत एकविसाव्या मजल्यावर राहायचे. २००६मध्ये एकदा ते घरी परतले तर लिफ्ट बंद, आणि कारण काय, तर तिचं सॉफ्टवेअर कोसळलेलं. लिफ्टसारख्या यंत्रातलं सॉफ्टवेअर ज्या भाषांत लिहितात त्यांत मेमरीच्या चुका सहज होतात, हे त्यांना माहीत होतं. जिने चढून गेल्यावर त्यांनी एका नव्या भाषेचा आराखडा मांडायला घेतला. तीच पुढे 'रस्ट' झाली. २००९पासून मोझिलाने तिला आश्रय दिला, आणि मे २०१५मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. रस्टचा महत्त्वाचा नियम हा, की कोणत्याही माहितीवर एका वेळी एक तर एकानेच लिहावं, नाहीतर कितीही जणांनी नुसतं वाचावं; दोन्ही एकदम नाही. हा नियम मोडणारा प्रोग्राम कंपायलर बांधूनच देत नाही. चूक वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर पोचायच्या आत लिहिणाऱ्याच्या टेबलावरच अडते. लिहिताना याचा वैताग येतो, असं रस्ट शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात सांगतो.

रस्टमध्ये मोझिलाने 'सर्व्हो' नावाचं एक प्रायोगिक ब्राउझर इंजिन २०१२पासून बांधायला घेतलं होतं. २०१३मध्ये सॅमसंगही त्यात सामील झालं. क्वांटमसाठी त्यातला रूप ठरवणारा भाग, 'स्टायलो', काढून चालत्या फायरफॉक्समध्ये बसवला गेला. सी प्लस प्लसच्या सुमारे १,६०,००० ओळी गेल्या आणि रस्टच्या सुमारे ८५,००० ओळी आल्या. हे काम करणाऱ्यांत आयआयटी मुंबईत शिकलेले मनीष गोरेगावकर होते. प्रकाशनाच्या दिवशी रस्टच्या अधिकृत ब्लॉगवर या कामाची हकिकत त्यांनीच लिहिली. वेगापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो नंतर मोझिलाने मांडलेला एक हिशेब. जुन्या भागात त्याच्या आयुष्यभरात सुरक्षेच्या ६९ चुका सापडल्या होत्या. तो भाग पहिल्यापासून रस्टमध्ये असता, तर त्यातल्या ५१ झाल्याच नसत्या.

आता अॅड-ऑन्सची गोष्ट, म्हणजे या अपडेटची किंमत.

जुन्या फायरफॉक्सचं बाह्यरूप, त्याची बटणं, मेनू, खिडक्या, हे सगळं झूल नावाच्या भाषेत आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं, आणि अॅड-ऑनलाही तिथपर्यंत मुक्त प्रवेश होता. अॅड-ऑन म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. त्यामुळे लोकांनी अफाट गोष्टी केल्या. टॅब मिक्स प्लसने टॅबच्या वागण्यातली एकेक गोष्ट हवी तशी वळवता यायची. डाउनदेमऑल मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवायचं आणि कनेक्शन मध्येच तुटलं तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करायचं. आपल्याकडच्या मंद, दर तासाला रुसणाऱ्या कनेक्शनच्या काळात असं अॅड-ऑन म्हणजे केवढी सोय, हे त्या काळी ज्यांनी सातशे एमबीची फाइल उतरवून पाहिली त्यांनाच कळेल.

पण घरच्या माणसाला घराची एकही भिंत हलवलेली चालत नाही. ब्राउझरच्या आत काहीही बदललं की कुठलं तरी अॅड-ऑन मोडायचं. सगळं एकाच प्रोसेसमध्ये आहे, असं गृहीत धरून हजारो अॅड-ऑन्स लिहिलेली होती, म्हणूनच इलेक्ट्रोलिसिस वर्षानुवर्षं रखडलं. शिवाय दुष्ट हेतूने लिहिलेलं अॅड-ऑनही तितकंच मोकाट. ऑगस्ट २०१५मध्ये मोझिलाने जाहीर केलं, की हा प्रकार बंद होणार आणि क्रोमशी मिळतीजुळती, मर्यादित हक्कांची 'वेबएक्स्टेन्शन्स' पद्धत येणार. ५७व्या आवृत्तीत ते अमलात आलं. अपडेट झाला आणि लोकांच्या यादीतली बरीच अॅड-ऑन्स निकामी दिसू लागली.

संतापाची लाट आली. क्रोमसारखाच ब्राउझर हवा असता तर आम्ही क्रोम घेतला नसता का, हा त्यातला मुख्य सूर. आणि संतापलेले लोक कोण? तेच, ज्यांनी २००४मध्ये वर्गणी काढली होती, ज्यांनी काकांच्या, मावशीच्या, ऑफिसातल्या क्लार्कच्या कॉम्प्युटरवर स्वतः जाऊन फायरफॉक्स घातला होता. काही जण ५२व्या, दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीवर सप्टेंबर २०१८पर्यंत तग धरून राहिले. काही वॉटरफॉक्ससारख्या शाखांकडे गेले. नोस्क्रिप्टच्या जॉर्जो माओने यांनी काही दिवसांतच नव्या पद्धतीत आपलं अॅड-ऑन आणलं. डाउनदेमऑल २०१९मध्ये परतलं, पण बरीच अंगं गमावून. बाकीची कितीतरी कायमची गेली, कारण ती लिहिणारे हौशी लोक होते आणि सगळं नव्याने लिहायला त्यांना ना वेळ होता ना उमेद.

माझ्या मते निर्णय बरोबर होता. जुना प्रवेश तसाच ठेवून ना अनेक प्रोसेस आल्या असत्या ना स्टायलो. पण मोझिलाने वेगाचे ढोल बडवताना ही किंमत फारच हळू आवाजात सांगितली, असंही मला वाटतं. गंमत पुढे झाली. क्रोमने आपल्या अॅड-ऑन्सचे नियम आणखी आवळले आणि २०२४-२५मध्ये यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा लोकप्रिय प्रोग्राम आपल्या मूळ रूपात तिथे चालेनासा झाला. फायरफॉक्सने मात्र त्याला लागणारी सोय ठेवली. क्रोमची नक्कल म्हणून ज्या पद्धतीला नावं ठेवली गेली, तिच्यातच आता क्रोमपेक्षा जास्त मोकळीक आहे.

बाकीच्या बदलांबद्दल थोडक्यात. 'फोटॉन' नावाचं नवं रूप आलं: गोलाईचे टॅब चौकोनी झाले, मेनू आटोपशीर झाले. लोकांनी पहिल्या दिवशी याच्याबद्दलच लिहिलं, कारण दिसतं ते हेच. अमेरिका, कॅनडा, हाँगकाँग आणि तैवानमध्ये शोधपट्टीवर पुन्हा गूगल आलं. याआधी २०१४च्या करारापासून अमेरिकेत तिथे याहू होतं. ज्या ब्राउझरशी लढायचं त्याच्या मालकाकडूनच मोझिलाला बहुतांश पैसा मिळतो, ही विचित्र स्थिती आजही आहे.

नवा वेग दोन महिनेही सुखाने नांदला नाही. जानेवारी २०१८च्या पहिल्या आठवड्यात मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधलेच दोष उघड झाले. एखाद्या पानावरचा प्रोग्राम अगदी बारीक वेळा मोजून शेजारच्या माहितीचा अंदाज बांधू शकतो, असं निघालं. फायरफॉक्स ५७.०.४ने तातडीने पानांना मिळणारं घड्याळ मुद्दाम भोंगळ केलं, २० मायक्रोसेकंदांपेक्षा बारीक वेळ दाखवायची नाही असं. पुढे प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रोसेस देणं भाग पडलं आणि चार प्रोसेसचा तो मध्यम मार्ग मागे पडला. तो मोडण्याचं कारण वर म्हटलं ते हेच.

आणि बाजारात काय झालं? फायरफॉक्स वेगवान झाला, पण त्याचा वाटा घसरतच राहिला. बहुतेक लोक ब्राउझर निवडत नाहीत. फोनसोबत जो येतो तो वापरतात, आणि अँड्रॉइडसोबत क्रोम येतो. मायक्रोसॉफ्टनेही डिसेंबर २०१८मध्ये स्वतःचं इंजिन सोडून आपल्या एज या ब्राउझरसाठी क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच खुला पाया, घ्यायचं ठरवलं. मोठी इंजिनं उरली तीन: गूगलचं, अॅपलचं आणि मोझिलाचं. ऑगस्ट २०२०मध्ये मोझिलाने सुमारे २५० लोकांना कामावरून कमी केलं, त्यात सर्व्होचा गटही होता. सर्व्हो नंतर लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाला गेलं.

रस्ट मात्र घराबाहेर पडून मोठी झाली. फेब्रुवारी २०२१मध्ये तिची स्वतंत्र संस्था निघाली, डिसेंबर २०२२च्या लिनक्स कर्नल ६.१मध्ये तिला पहिल्यांदा जागा मिळाली. जानेवारी २०२३मध्ये गूगलने क्रोमियममध्येही रस्टच्या लायब्ररी घ्यायला परवानगी दिली. २०२५मधल्या क्रोम १३३पासून अँड्रॉइड आणि लिनक्सवर वेबफाँट वाचण्याचं काम फ्रीटाइप या जुन्या, सी भाषेतल्या लायब्ररीकडून काढून स्क्रिफा या रस्टमध्ये लिहिलेल्या लायब्ररीकडे सोपवलं आहे. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये आज एखादं मराठी संकेतस्थळ उघडलं आणि त्याने स्वतःचा देवनागरी फाँट पाठवला, तर तो फाँट रस्टमधला कोड वाचतो.